कसतो कोण, हप्ता कोणाला : कृषी आयुक्तांना भूगावहून खुले पत्र

प्रति,
मा. कृषी आयुक्त,
महाराष्ट्र राज्य, पुणे

विषय : पीएम किसान, नमो शेतकरी आणि महाडीबीटीचा पैसा प्रत्यक्ष कसणाऱ्यापर्यंत पोहोचण्याबाबत

सन्माननीय महोदय,


चांदणी चौक मागे टाकून पौड रस्त्याला लागले की बावधन संपते आणि भूगाव लागते. २०२१ मध्ये बावधन बुद्रुक पुणे महापालिकेत गेले, भूगाव ग्रामपंचायतीतच राहिले. रस्त्याच्या दोन्ही अंगांना मंगल कार्यालये, लॉन्स आणि उंच इमारती उभ्या राहिल्या आहेत. त्यांच्या मागे, डोंगराच्या पायथ्याला, अजून खाचरे आहेत आणि पावसाळ्यात त्यांत इंद्रायणीची आवणी होते. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने दिलेला हा वाण बांधाबांधापर्यंत नेण्यात आपल्या विभागाच्या माणसांचा मोठा वाटा आहे. चारसूत्री भात लागवड, गिरिपुष्पाचा पाला, युरिया-डीएपी ब्रिकेट्स हे सगळे मुळशी तालुक्यात त्यांनीच शिकवले. त्या ऋणाची जाणीव ठेवूनच हे पत्र लिहिले आहे.

तक्रार थोडक्यात मांडता येते. शेतीसाठी सरकार देते तो पैसा सातबाऱ्यावरच्या नावाला मिळतो. शहरालगतच्या गावात मात्र ते नाव एकीकडे आणि चिखलात उतरणारा माणूस दुसरीकडे, अशी स्थिती वाढत चालली आहे. हे अंतर आपल्या विभागाच्या कोणत्याही रकान्यात मोजले जात नाही.

पीएम किसान सन्मान निधी १ फेब्रुवारी २०१९ च्या अंतरिम अर्थसंकल्पात जाहीर झाला आणि १ डिसेंबर २०१८ पासून लागू धरला गेला. वर्षाला ६,००० रुपये, २,००० चे तीन हप्ते. आधी दोन हेक्टरांपर्यंतच्या शेतकऱ्यांपुरती असलेली योजना त्याच वर्षी सगळ्या खातेदारांना खुली झाली. २०२३ मध्ये राज्याने ‘नमो शेतकरी महासन्मान निधी’ काढून त्यात तेवढीच भर घातली. पहिला हप्ता २६ ऑक्टोबर २०२३ रोजी शिर्डीहून सुटला. दोन्ही मिळून वर्षाला १२,००० रुपये, म्हणजे महिन्याला हजार. भूगावात गुंठ्याचे भाव ऐकणाऱ्याला ही रक्कम किरकोळ वाटेल. पण जो जमीन विकत नाही, कसतो, त्याच्यासाठी पेरणीच्या तोंडावर आलेला हप्ता म्हणजे बियाणे आणि खताची पहिली गोणी असते. ती उसनवारीवर आणावी लागली तर झोडणीनंतर घरात येणाऱ्या भातातून फेडावी लागते.

आता भूगावसारख्या गावातला एखादा जुना सातबारा समोर ठेवून पाहावा. वर नमुना सात : गट क्रमांक, भोगवटादार, हेक्टर-आरमधले क्षेत्र, पोटखराबा, आकार. खाली नमुना बारा : पिकांची नोंद. पणजोबांनी घेतलेल्या एका गटावर आज भाऊ, चुलत भाऊ, पुतणे, लग्न होऊन गेलेल्या आत्या, अशी नावांची रांग लागलेली असते. समोर क्षेत्र एकच, सामाईक. कुणाच्या नावापुढे अजून ‘ए.कु.मॅ.’, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर, असा शेरा असतो, कुठे ‘अ.पा.क.’, म्हणजे अज्ञान पालनकर्ता, आणि त्यातला अज्ञान मुलगा केव्हाच आजोबा झालेला असतो. कोणाचा हिस्सा कुठून कुठपर्यंत, हे कागद सांगत नाही. ते बांध सांगतो, आणि बांधावरची वाटणी तोंडी झालेली असते.

या रांगेतले बहुतेक जण कोथरूडला किंवा त्याहून लांब राहायला गेलेले असतात. योजनेच्या व्याख्येत पती, पत्नी आणि अज्ञान मुले म्हणजे एक शेतकरी कुटुंब. त्यामुळे रांगेतले प्रत्येक कुटुंब, अपात्रतेच्या अटींत बसत नसेल तर, स्वतंत्र लाभार्थी ठरते. गावात राहिलेला एक भाऊ सगळ्यांची खाचरे कसतो, त्याला एकच हप्ता मिळतो. बाकीच्यांचे हप्ते त्यांच्या त्यांच्या बँकेत जातात. त्यांनी ते घेऊ नयेत असे या पत्राचे म्हणणे नाही, कायद्याने ते त्यांचेच आहेत. पण ‘शेतीला मदत’ म्हणून ज्या रकमेचा हिशोब विधिमंडळात सांगितला जातो, त्यातली किती रक्कम शेतीत उतरते, याचे उत्तर आपल्या विभागाने शोधायला हवे.

घरातल्या भावाला निदान एक हप्ता तरी मिळतो. खंडाने किंवा अर्धेलीने दुसऱ्याचे खाचर करणाऱ्याला काहीच मिळत नाही. बियाणे त्याचे, आवणीची मजुरी त्याची, पाऊस लांबला तर नुकसान त्याचे, आणि सरकारच्या लेखी तो शेतकरीच नाही. मुळशी तालुक्यातल्या कातकरी वाड्यांवरची कितीतरी कुटुंबे दर पावसाळ्यात लोकांच्या खाचरांत उभी असतात. त्यांच्या नावावर सातबारा नाही, म्हणून फार्मर आयडी नाही, आणि फार्मर आयडी नाही म्हणून काहीच नाही. १५ एप्रिल २०२५ पासून कृषी विभागाच्या योजनांसाठी हा शेतकरी ओळख क्रमांक राज्यात सक्तीचा झाला. त्याचे हेतू चांगले आहेत, एकाच ओळखीवर पीक विमा, अनुदान, कर्ज सगळे मिळावे. पण त्याचा पाया पुन्हा सातबाराच आहे. आधी जो यादीबाहेर होता, तो आता आणखी पक्केपणाने बाहेर गेला.

खंडकरी कागदावर का येत नाही, याचे कारण महसूल खात्याला ठाऊक आहे आणि आपल्यालाही. १९४८ च्या कूळ कायद्याने आणि १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनाने ‘कसेल त्याची जमीन’ हे तत्त्व महाराष्ट्रात प्रत्यक्षात आणले. लाखो कुळांना त्यातून जमीन मिळाली, आणि ते न्याय्यच झाले. त्यानंतर मात्र मालकांच्या मनात एक भीती कायमची बसली : कागदावर दुसऱ्याचे नाव आले की जमीन गेली. जिथे गुंठ्यालाही सोन्याचा भाव आहे तिथे ही भीती दुप्पट असते. प्रत्यक्ष वहिवाट दुसऱ्याची असेल तर तिची माहिती नोंदवायला फॉर्म नंबर १४ आहे, पण त्याचे नाव काढले तरी मालक बिचकतो आणि खंडकरीही. सगळे व्यवहार तोंडी, एका हंगामापुरते, शब्दावर.

यातून वाट निघू शकते, हे आंध्र प्रदेशाने दाखवले आहे. तिथे २०१९ मध्ये पीक कसणाऱ्याच्या हक्कांचा कायदा झाला. मालक आणि कसणारा यांच्यात ११ महिन्यांचा करार होतो, कसणाऱ्याला कार्ड मिळते, त्यावर पीककर्ज, विमा आणि अनुदान मिळू शकते. जमिनीवर मात्र कोणताही हक्क निर्माण होत नाही. त्याच वर्षी सुरू झालेल्या रयतु भरोसा योजनेत अनुसूचित जाती-जमाती, मागासवर्ग आणि अल्पसंख्याक समाजांतल्या भूमिहीन खंडकऱ्यांनाही मदत धरली गेली. ओडिशाच्या ‘कालिया’ योजनेनेही भूमिहीन शेतकरी कुटुंबांचा विचार केला होता. उलट तेलंगणाने २०१८ च्या रयतु बंधूतून खंडकऱ्यांना वगळले आणि त्यावर तिथे सतत टीका झाली. नीती आयोगानेही २०१६ मध्येच जमीन खंडाने देण्यासाठी आदर्श कायद्याचा मसुदा राज्यांपुढे ठेवला होता. महाराष्ट्राला काही नव्याने शोधून काढायचे नाही.

म्हणून पहिली विनंती. पीएम किसानची पात्रता दिल्लीत ठरते, ती आपल्या हातात नाही. पण नमो शेतकरी राज्याची योजना आहे आणि तिचे लाभार्थी केंद्राच्याच यादीवरून घेतले जातात. ही यादी तशीच उचलण्याऐवजी, मालकाच्या संमतिपत्रावर हंगामापुरता कसणारा म्हणून नोंद झालेल्या माणसाला नमोचा लाभ देण्याचा प्रस्ताव आपल्या कार्यालयाने शासनाकडे पाठवावा. ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू आहे. शेतात उभे राहून पिकाचा फोटो काढला की तो कुठल्या गटातला, हे जीपीएसवरून कळते. त्याच नोंदीत पीक कोणाचे, हा एक रकाना हवा, आणि या रकान्यातून जमिनीवर कोणताही हक्क निर्माण होणार नाही, हे त्याखालीच स्पष्ट मराठीत छापलेले हवे. मालकाची भीती त्या एका ओळीने पूर्ण जाणार नाही, पण कमी होईल.

बाईच्या नावाचा प्रश्न याहून नाजूक आहे. आवणी बाईची, बेणणी बाईची, राबाची राखणही तिचीच, आणि उतारा नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढून हजारो नवऱ्यांना बायकोचे नाव सातबाऱ्यावर लावायला लावले. पुढे शासनानेही ती कल्पना उचलली. आज एखाद्या भल्या माणसाने तसे करायचे ठरवले तर काय होते? पीएम किसानची अट अशी की १ फेब्रुवारी २०१९ नंतर नावावर आलेल्या जमिनीला लाभ नाही, अपवाद फक्त मृत्यूनंतरच्या वारसाचा. म्हणजे नवऱ्याने जिवंतपणी प्रेमाने जमीन नावावर केली तर पीएम किसान नाही. तो गेल्यावर वारस म्हणून लागली तर आहे.

आणि ज्या बाईच्या नावावर जमीन आधीपासून आहे, तिला पीएम किसान आणि नमोचे महिन्याला हजार मिळतात म्हणून ‘लाडकी बहीण’चे १,५०० मिळत नाहीत, फरकाचे ५०० मिळतात. राज्यात सात लाखांहून अधिक महिला अशा आहेत. शेजारच्या घरात नवऱ्याच्या नावावर जमीन असेल तर तिथे नवऱ्याला हजार आणि बायकोला पूर्ण दीड हजार येतात. जमीन बाईच्या नावावर असणे घराला तोट्याचे पडते. कोणीतरी ठरवून हे केले असे नाही, दोन योजनांचे नियम एकमेकांना न विचारता लिहिले गेले. पण गावातल्या बायका हा हिशोब बरोबर मांडतात आणि त्यातून काय शिकायचे ते शिकतात. शेतकरी म्हणून मिळणारी मदत ‘लाडकी बहीण’च्या हिशोबात धरू नये, अशी शिफारस आपण महिला व बालविकास विभागाकडे केली तर ती वजनदार ठरेल. ही दुसरी विनंती.

भूगाव महापालिकेच्या हद्दीला लागून असल्यामुळे इथे आणखी एक गोष्ट घडते, ती वेल्ह्यात किंवा भोरच्या आत घडत नाही. दहा लाखांवर लोकसंख्येच्या शहराच्या हद्दीपासून आठ किलोमीटरच्या आतली शेतजमीन प्राप्तिकर कायद्याने भांडवली मालमत्ता धरली जाते. मुलीच्या लग्नासाठी किंवा आजारपणासाठी दोन-चार गुंठे विकले तर भांडवली नफ्यावर कर भरावा लागतो. कर भरला की तो माणूस करदाता, आणि करदाता पीएम किसानला अपात्र. उरलेले खाचर तो पूर्वीसारखेच कसत असतो. नियम मागच्या एका कर-निर्धारण वर्षाबद्दल बोलतो, पण एकदा लागलेला हा शिक्का पुढे कसा उतरवायचा, हे गावपातळीवर कोणी नीट सांगत नाही. जमीन विक्रीमुळे एकदाच कर भरलेल्यांसाठी पुन्हा पात्र होण्याची सोपी पद्धत आपण लेखी कळवावी.

अपात्रांकडून वसुली व्हायलाच हवी, याबद्दल दुमत नाही. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय कृषिमंत्र्यांनी संसदेत सांगितले होते की देशात ४२ लाखांवर अपात्र लोकांना पीएम किसानचे सुमारे ३,००० कोटी रुपये गेले. महाराष्ट्राचा त्यातला आकडा ३५८ कोटींचा होता. शेतजमीन बिगरशेती कामाला वापरली तर लाभ नाही, हेही नियमात आहे. तरीही ज्या गटावर लॉन उभे आहे तो सातबाऱ्यावर शेतीच राहिला असेल, तर संगणकाला ते कळत नाही. योजनेत दरवर्षी ठरावीक टक्के लाभार्थ्यांची प्रत्यक्ष तपासणी ठरलेली आहे. शहरालगतच्या गावांत ती टक्केवारीवर न सोडता सर्व गटांची करावी. भूगाव, भुकूम, पिरंगुट, लवळे अशा गावांत ती आठवड्याभराच्या कामाची गोष्ट आहे.

आता अडलेल्या हप्त्यांबद्दल. हप्ता थांबण्याची कारणे सगळ्यांना पाठ झाली आहेत : ई-केवायसी नाही, भूमी अभिलेखाची जोडणी नाही, बँक खाते आधारला जोडलेले नाही. ज्याने आयुष्यभर चिखलात हात घातले त्याच्या बोटांचे ठसे यंत्र घेत नाही, हे आपल्या क्षेत्रीय कर्मचाऱ्यांनी सांगितले असेलच. २०२३ मध्ये चेहरा ओळखून ई-केवायसी करण्याची सोय आली तेव्हा अनेक म्हाताऱ्यांचे अडलेले पैसे सुटले. पोस्टमनच्या हातून आधारशी जोडलेले खाते उघडण्याची सोयही खरोखर उपयोगी पडली. असे काम झाले की गाव लक्षात ठेवते.

पण ‘भूमी अभिलेख’ या कारणावर काय करायचे हे कोणी सांगत नाही. सातबाऱ्यावर एक नाव, आधारवर थोडे वेगळे, एकावर आडनाव आहे, दुसऱ्यावर नाही. कृषी कार्यालय म्हणते, हे महसूलचे काम. महसूल म्हणते, नोंदणी कृषीकडे. या दोन खात्यांत पीएम किसानच्या कामावरून झालेला वाद राज्याने पाहिला आहे, महसूल कर्मचाऱ्यांनी मध्यंतरी या कामावर बहिष्कारही टाकला होता. नंतर शासनाने कामाची वाटणी करून दिली. तलाठी आता ग्राम महसूल अधिकारी झाले आणि कृषी सहायक सहायक कृषी अधिकारी. शेतकऱ्याच्या तालुक्याच्या ठिकाणच्या, पौडच्या, फेऱ्या मात्र कमी झालेल्या नाहीत. त्यातल्या प्रत्येक फेरीला एक दिवसाची मजुरी बुडते, आणि भांडण असते २,००० रुपयांच्या हप्त्याचे.

घरातला खातेदार वारला तर हा त्रास शिगेला पोहोचतो. वारस नोंदीचा अर्ज, फेरफार, हरकतीसाठी १५ दिवसांची नोटीस, मंजुरी, नव्या उताऱ्यावर नवी नोंदणी, पुन्हा ई-केवायसी. सामाईक गटात एका चुलत्याने हरकत घेतली की सगळे लांबते. तोवरचे हप्ते येत नाहीत, आणि विधवेला नेमके तेव्हाच पैसे लागतात. तिसरी विनंती अशी की, मृत्यूची नोंद ग्रामपंचायतीत होते त्याच वेळी वारस नोंदीचा आणि योजनेच्या नव्या नोंदणीचा अर्ज एकत्र भरून घेतला जावा आणि त्याची पोच तिच्या हातात पडावी.

महाडीबीटीबद्दल, म्हणजे राज्याच्या अनुदान-पोर्टलबद्दल, थोडेच. कृषी यांत्रिकीकरणात अल्पभूधारकाला आणि महिलेला ट्रॅक्टरवर ५० टक्के, कमाल सव्वा लाखापर्यंत अनुदान आहे. मुळशीच्या पायऱ्यापायऱ्यांच्या खाचरांत ट्रॅक्टर वळतच नाही. इथे पॉवर टिलर लागतो. अर्ज, पूर्वसंमती, स्वतःच्या पैशाने खरेदी, बिल चढवणे, मोका तपासणी, मग अनुदान, अशी वाट आहे. पूर्ण किंमत आधी भरू शकतो तोच अनुदानापर्यंत पोहोचतो. अल्पभूधारकाने फक्त आपला हिस्सा भरावा आणि अनुदानाची रक्कम थेट विक्रेत्याला जावी, अशी सोय निदान लहान यंत्रांसाठी तरी करावी.

रकमेचा विषय आपल्या अखत्यारीतला नाही, तरी नोंद व्हावी. २०१८-१९ मध्ये साध्या भाताचा हमीभाव क्विंटलला १,७५० रुपये होता, २०२५-२६ मध्ये तो २,३६९ झाला. म्हणजे शेतीचा खर्च एक तृतीयांशाहून अधिक वाढला, हे सरकारलाच मान्य आहे. ६,००० रुपये मात्र तेवढेच आहेत. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत १२,००० चे १५,००० करण्याचे आश्वासन महायुतीने दिले होते. त्याचे काय झाले, हे विचारण्याची जागा वेगळी आहे. पण शासनाला दरवर्षी पाठवायच्या अहवालात आपण ही तफावत लिहू शकता.

शेवटची विनंती तातडीची आहे आणि तिला नव्या कायद्याची किंवा निधीची गरज नाही. पात्र लाभार्थ्यांची यादी गावात लावावी, असे योजनेच्या मार्गदर्शक सूचनांतच आहे. येत्या खरिपाआधी भूगाव ग्रामपंचायतीत या यादीचे चावडी वाचन व्हावे. कोणाला हप्ता मिळतो, कोणाचा थांबला, कोणत्या कारणाने थांबला, हे मराठीत मोठ्याने वाचले जावे. ग्राम महसूल अधिकारी, सहायक कृषी अधिकारी आणि बँकेचा माणूस एकाच टेबलाशी बसावेत आणि जे जागेवर सुटेल ते तिथेच सोडवावे. ज्यांचे सुटणार नाही, त्यांना कोणाकडे, कोणता कागद घेऊन, किती तारखेला जायचे याची चिठ्ठी द्यावी. खंडाने खाचर कसणाऱ्यांनाही त्या दिवशी बोलवावे आणि त्यांची नावे निदान एका वहीत उतरवून घ्यावीत. शासनाकडे प्रस्ताव पाठवताना ती यादी आपल्या हातात असेल. त्या दिवशी आपण स्वतः आलात तर कसणारे आणि खातेदार दोघेही समोर बसलेले दिसतील, आणि वर मांडलेले बहुतेक प्रश्न तेच आपल्याला अधिक चांगले सांगतील.

कळावे, उत्तराची वाट पाहत आहे.

आपला नम्र,
भूगाव (ता. मुळशी, जि. पुणे) येथील एक खातेदार